आक्काच्या खिडकीपुढच्या मोरपंखी

रोपवाटिकेवाल्याला सगळे बांबूमामा म्हणत. कुणी दारात बारमाही हिरवं झाड मागितलं, की हा गडी रोपाआधी बांबू घेऊन हजर. वीस वर्षांनी झाड जेवढं होईल तेवढा उंच बांबू रोवायचा, त्याला तेवढ्याच घेराचं गोणपाट गुंडाळायचं आणि सांगायचं, आठ दिवस याच्या शेजारी राहा, मग बोला. निम्मी गिऱ्हाइकं तिथंच गळायची. बायको म्हणायची, दुकान चालवताय की माणसं पळवताय? पण मामाचं म्हणणं खोटं नव्हतं. सुरूचं रोप काय, मोरपंखीचं काय, कुंडीत गोजिरवाणीच दिसायची. इतर झाडं वर्षातून एकदा पानं झाडून आपलं वय तरी सांगतात. ही मंडळी मुकाट वाढत बसतात.

हे शहाणपण यायच्या आधी, बावीस वर्षांपूर्वी, त्यानं शिवणकाम करणाऱ्या आक्काच्या खिडकीपुढं दोन मोरपंखी लावल्या होत्या. तिच्या थोरल्या भावाला रस्त्याकडून आडोसा हवा होता. परवा आक्काचा निरोप आला: डोळे गेले, मशीन विकतेय, तुमच्या सुनेला हवं तर घेऊन जा. तीस वर्षं त्या मशीनवर जगलेली बाई! मामा तसाच निघाला.

बाहेर रणरणतं ऊन आणि खोलीत दिवा जळत होता. आक्का सुईत दोरा ओवत होती. चुकला. पुन्हा चुकला.

"दादा हसतो म्हणून बोलत नाही," ती हळूच म्हणाली, "पण मामा, ती झाडं जवळ येतात. दरवर्षी चार बोटं."

मामाही हसला. मग बाहेर जाऊन त्यानं खोडापासून भिंतीपर्यंत पावलं टाकली. लावताना पाच सोडली होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. आता तीन भरली. म्हातारपणी पावलं आखूड होतात, म्हणजे आकडा वाढायला हवा. त्यानं पुन्हा मोजलं. तीनच.

फांद्या बाजूला सारून तो आत शिरला. बाहेरून हिरवीगार झाडं आतून पोकळ, तपकिरी, कोरडी ठाक. आत वारा नव्हता. रस्त्याचा आवाजही नव्हता. घराकडच्या साऱ्या फांद्या मेलेल्या होत्या, तरी काचेला टेकून उभ्या होत्या. काचेवर नेमके बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला बारीक ओरखडे होते, ओळीनं, टाके घातल्यासारखे. पलीकडे दिव्याखाली आक्का दोरा ओवत होती. तिच्याकडे आपण एकटेच बघत नाही, असं मामाला वाटलं. तो घाईघाईनं बाहेर आला. सदरा घामानं चिंब झाला होता.

भाऊ म्हणाला, थोडी छाटा, आडोसा राहू दे. मामानं समजावलं, या जातीला जुन्या लाकडावर पुन्हा पालवी फुटत नाही. छाटली तर खिडकीपुढं जन्मभर सांगाडा उभा राहील. ठेवायची तर अशीच, नाहीतर मुळासकट काढायची. भाऊ कुरकुरला, रस्त्यावरची माणसं घरात डोकावतील.

"डोकावू देत," आक्का म्हणाली. "आत्ता जे बघतंय, त्यापेक्षा माणसं बरी."

भावानं खिडकीकडे पाहिलं. काढा, म्हणाला.

दोन दिवस करवत चालली. दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी शेवटची फांदी पडली आणि खोलीत असं ऊन आलं, की आक्कानं डोळ्यांवर पदर धरला. मग तिनं दिवा मालवला, सुई उचलली. दोरा पहिल्याच फटक्यात गेला. ती सुईकडे बघतच राहिली. डोळे शाबूत होते. मशीन कुठंही जाणार नव्हतं.

मामा दारात आला. खोडं गाडीत चढवून झाली होती. कापली तरी ती तशीच हिरवी, ताजी दिसत होती, काही घडलंच नाही अशी.

"कुठं टाकू ही, आक्का?"

तिनं मशीनवरची मान वर केली नाही.

"जिथं खिडकी नसेल, तिथं."