साताऱ्याहून सांगलीला, खऱ्या घड्याळाच्या शोधात

घड्याळ घ्यायचं ठरलं ते वहिनीमुळे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्यात माझं नर्सिंगचं शिक्षण संपलं होतं, सांगलीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती आणि नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ हवंच होतं. दादा पलटणीत, म्हणून मला पोचवायला दहिवडीहून वहिनी निघाली. दोन बकरी विकून आलेले पैसे तिनं कनवटीला बांधले होते.

"वन्सं, घड्याळ माझ्याकडनं," ती म्हणाली. "आजवर मी माझ्या मनानं कुणाला काय दिलं न्हाई."

सकाळच्या एसटीनं पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला आलो. माझा दाखला घेतला, कंदी पेढे घेतले आणि स्टँडवर सांगलीकडच्या गाडीची वाट बघत बसलो. तेवढ्यात टेरिकॉटचा शर्ट घातलेला एक माणूस शेजारी टेकला. त्यानं हळूच रुमाल उलगडला. आत चकाकतं घड्याळ!

"फॉरेनचा माल आहे, ताई. भाऊ बोटीवर असतो. दुकानात तिप्पट पडेल. पण लवकर सांगा, पोलीस फिरतायत."

भलीमोठी तबकडी, तिच्यात आणखी तीन छोट्या तबकड्या. वहिनीचा हात कनवटीकडे गेलासुद्धा. मी घड्याळ हातात घेतलं. वॉर्डात रोज सेकंदकाट्याकडे बघायची सवय, त्यामुळे नजर आधी तिथंच गेली. काटा खाली उतरताना ठीक चालायचा, वर चढताना मात्र अडखळायचा आणि मग उडी मारायचा. छोट्या तबकड्यांतले काटे तर नुसते रंगवलेले होते!

"नको," मी म्हणाले.

माणूस निघून गेला. वहिनीचा चेहरा पडला. "माझ्या पैशाचं नगं, असं म्हणा की सरळ."

गाडीत ती खिडकीशी बसली आणि उंब्रज गेलं तरी बोलली नाही. पेढा पुढं केला, तोही घेतला नाही. नोकरीच्या आनंदात मी तिलाच दुखावून बसले होते.

कराडला उतरून संगम बघायचा बेत आधीच ठरला होता. (तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर कराडला अर्धा दिवस ठेवाच.) कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि एक होऊन बाजूला वळतात. घाटावर बसून मी म्हणाले, "वैनी, तुझ्या पैशाला नाही म्हटलं नाही गं. घड्याळ खोटं होतं."

ती उठली. "खोटं कसं वळखायचं, ते मला दाखवा."

स्टँडकडे परतताना घड्याळदुरुस्तीचं एक छोटं दुकान लागलं. डोळ्याला भिंग लावून दुकानाचे मालक बशीरचाचा काम करत होते. आम्ही खरं ते सांगितलं, घ्यायचं काही नाही, शिकायचंय. ते हसले, चहा मागवला आणि दोन घड्याळं काढली, एक खरं आणि एक नकली.

"कानाला लावा," ते म्हणाले. नकली टांग्याच्या घोड्यासारखं टाकटाक वाजत होतं, खऱ्याचा आवाज बारीक आणि एकसारखा. नकलीला चावी देताना रेती भरल्यासारखी खरखर लागे. पट्टा अडकवायच्या टोकांवर मुलामा उडून पिवळं पितळ दिसत होतं. शेवटी त्यांनी मागचं झाकण उघडलं.

"वर लिवलंय एकवीस ज्वेल, म्हंजी खडे. आता आत बगा, एक तरी लाल खडा दिसतोय का?"

वहिनीनं भिंग डोळ्याला लावलं ते लवकर काढेचना. निघताना चाचा म्हणाले, "आन् घाई करणाऱ्याकडनं कवा घेऊ नका."

पुढच्या गाडीत पेठ, इस्लामपूर, आष्टा असा उसातून जाणारा रस्ता, आणि वहिनीची बडबड अखंड. पेढेही तिनंच संपवले.

सांगलीला स्टँडबाहेर पडतो तर काय, पुन्हा एक रुमालवाला! समोर ट्रंकेवर बसलेला तरुण जवान नोटा मोजत होता. "म्हाताऱ्यासाठी घेतोय," तो कुणाला तरी सांगत होता. मी वहिनीकडे वळले, तर ती शेजारी नव्हतीच. ती सरळ त्या दोघांच्या मधे जाऊन उभी होती.

"थांब रं दादा." तिनं घड्याळ घेतलं, कानाला लावलं, चावी फिरवून बघितली.

"बाई, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" रुमालवाला खेकसला.

"मागचं झाकण उघड. खरं आसंल तर मीच घेते."

"उघडलं की बिघडतं."

"मग समोरच्या दुकानात उघडू की. चल!"

तिचा आवाज असा चढला की माणसं गोळा झाली. कोणीतरी म्हणालं, "बाई बरोबर बोलतीय, उघड की!" रुमालवाल्यानं घड्याळ हिसकावलं आणि गर्दीत नाहीसा झाला. जवानानं टाच आपटून वहिनीला कडक सॅल्यूट ठोकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी पदरात तोंड लपवून हसत होती.

त्यालाही घेऊनच आम्ही पेठेतल्या दुकानात गेलो. वहिनीनं माझ्यासाठीच्या आणि जवानासाठीच्या, दोन्ही घड्याळांची झाकणं उघडायला लावली, सेकंदकाट्याचा पुरा फेरा बघितला आणि पावतीवर घड्याळाचा नंबर लिहून घेतला. माझं घड्याळ साध्या पांढऱ्या तबकडीचं, देशी बनावटीचं; पैसे वहिनीनंच कनवटीतून काढून मोजले. दुकानाच्या पायरीवरच मी तिचा हात धरून पहिली नाडी मोजली.

"वैनी, नाडी पळतीय तुझी!"

"पळणारच की! लय मजा आली!"

दुसऱ्या दिवशी भडंगाचा पुडा घेऊन ती एकटीच गावी परतली.

दिवाळीला मी घरी गेले, तर अंगणात मुंबईहून आलेली माणसं बसलेली, आपापली घड्याळं वहिनीला दाखवायला. दादाही सुट्टीवर आला होता, मनगटावर झगमगतं फॉरेनचं घड्याळ. वहिनीनं ते कानाला लावलं.

"आवं, फसवलं की तुमाला!"

दादा आधी गोरामोरा झाला, मग खो खो हसला. "बरं, आता तूच आण."

पुढच्याच आठवड्यात ती सांगलीला जाऊन दोन घड्याळं घेऊन आली. एक दादाला दिलं. दुसरं तिच्या स्वतःच्या मनगटावर होतं, हिरव्या बांगड्यांच्या वर.