आबांचं कोठार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नाही. तुम्ही हसाल कदाचित. माणूस चाळिशी ओलांडलेला, आणि गोष्ट मोबाइलवरच्या खेळाची!

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात लकव्यानं गेला. त्यांचा दिवस सरेना, म्हणून धाकट्या भावानं, संतोषनं, त्यांच्या फोनवर एक खेळ घालून दिला. जुन्या काळातलं राज्य. मोकळ्या जमिनीवर काय बांधायचं ते आपण ठरवायचं — विहीर, कोठार, घरं, देऊळ. आबा सांगायचे, संतोष बोट लावायचा. आबांचं आधी विहीर, मग कोठार. खेळातल्या शेताला मात्र ते हात लावू द्यायचे नाहीत.

आणि मी? घोटावड्यातल्या आमच्या खऱ्या शेतात मी कारखान्यातल्या कामगारांसाठी बारा खोल्या बांधल्या. घर त्यांच्या भाड्यावरच चालतं. आबा धडधाकट होते तेव्हाही त्या बघायला आले नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही — एक शब्द नाही! आणि त्या चार बोटांच्या गावासाठी दिवसभर, "संतोष, कोठार कुटं घ्यायचं रं?" मला कधी असं विचारलं होतं? जळत होतो मी. पाठच्या भावावर जळत होतो.

संतोष चार दिवस कामासाठी ताम्हिणीला गेला. जाताना म्हणाला, "दादा, आबा सांगतील ते बांध." लोक वाढले होते, धान्य संपत आलं होतं. आबा म्हणाले, अजून एक कोठार बांध. मी पडद्याच्या कडेचं एक शेत मोडून तिथं घरं लावली. खेळात बांधकामाला दोन-तीन दिवस लागतात, तोवर सगळ्यावर सारखेच बांबू दिसतात, आणि आबांना बारीक अक्षर वाचता येत नाही. का केलं? मनात म्हणालो — माझ्या खोल्या डोळ्यांत खुपतात ना, मग घ्या आता.

तिसऱ्या दिवशी घरं उभी राहिली आणि धान्य संपलं. लोक गाव सोडून चालले. आबांनी डाव्या हातानं फोन जवळ ओढला.

"मी कोठारच म्हणलो हुतो न्हवं?"

अजूनही खरं बोलता आलं असतं — नाही का?

"न्हाई आबा. तुमी घरंच म्हणला."

त्यांनी मान हलवली. "आसंल. आता ध्यानात ऱ्हात न्हाई."

संतोष परत आला तेव्हा आबांनी त्याला सांगितलं, माझंच चुकलं. त्यानं नवं गाव सुरू करून दिलं, पण आबांनी ते बघितलंही नाही.

आता जेवायला काय करू, दवाखान्यात कधी जायचं, पंखा लावू का — काहीही विचारा, आबा म्हणतात, "थोरल्याला इचारा. माझं काय खरं न्हाई."

सगळं मलाच विचारतात आता. मला हेच हवं होतं.