उजवी पाकळी

आमच्या घरात मत कोणालाच नव्हतं. शेतसारा भरणाऱ्याला मत, आणि आमची जमीन देवीच्या पूजेसाठी दिलेली, तिला सारा माफ. म्हणजे ज्या निवडणुकीने आमच्या तोंडचं पाणी पळवलं, तिच्यात आम्हाला काडीचा अधिकार नव्हता. हे सांगताना मला अजून राग येतो.

मी तळेगावची. चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून सासरी बायका मला 'मास्तरीणबाई' म्हणायच्या, आणि ते काही कौतुकाने नव्हे. सासर मळवलीपासून आत, लोहगडाच्या अंगाला, गुरवाचं घर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा लोणावळ्याला रेल्वेत, सुटी मिळेल तेव्हा घरी यायचा. म्हणजे घरात मी, नुकती पावलं टाकायला लागलेली माझी मुलगी आणि मामंजी, एवढेच. मामंजी म्हणजे माझे सासरे. गाव त्यांना आबा म्हणायचं.

गावदेवीची पूजा त्यांच्याकडे होती आणि कौल लावणंही. कौल म्हणजे देवीला विचारणं. मूर्ती ओल्या फडक्याने पुसायची, कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून एक उजव्या आणि एक डाव्या खांद्यावर चिकटवायची, आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हैस हरवली, सोयरीक जमेना, पोराचा ताप उतरेना, की माणसं कौलाला यायची. यात एक नियम फार कडक होता. कौल लागला की पाकळी पडेपर्यंत देवळाच्या आवारातून कोणी हलायचं नाही. देवीला प्रश्न विचारून उत्तराआधी पाठ फिरवली तर साऱ्या गावावर कोप होतो, अशी समजूत. पण एक चिलीम ओढून होईपर्यंत पाकळी पडायचीच, त्यामुळे नियम कधी कोणाला जड गेला नव्हता.

त्या साली निवडणूक आली. एका बाजूला वडगावकडचे एक वकील, दुसऱ्या बाजूला लोणावळ्याचे एक ठेकेदार. वकिलांनी येऊन देवीपुढे नारळ फोडला आणि ते गेले. ठेकेदारांनी देऊळच धरलं. आधी भिंतींना चुना दिला, मग पितळी घंटा वाहिली, मग एक मेळा आणला. पेटी-तबल्यावर देवीची गाणी चालायची आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ठेकेदारांचं नाव यायचं. बायका हात जोडून ऐकायच्या, नाव आलं तरी हात जोडलेलेच. देवळाच्या भिंतीवर त्यांची पत्रकं लागली, वर देवी, खाली फेटा बांधलेले ठेकेदार, दोघांचे डोळे सारखेच वटारलेले. मी मामंजींना म्हटलं, ही काय त्यांची सख्खी बहीण लागते का? मामंजी एरवी थट्टेला हसायचे, त्या दिवशी हसले नाहीत. असलं बोलू नको, ती ऐकत असते, एवढंच म्हणाले.

मग बोलणं निघालं की मत कोणाला द्यायचं ते देवीलाच विचारावं. पिल्लू ठेकेदारांच्या माणसांनी सोडलं होतं, पण गावालाही ते बरं वाटलं. देवीनेच सांगितल्यावर कोणाशी वैर यायला नको. कौलाचा दिवस ठेकेदारांनी ठरवला, मतदानाचाच. आधी कौल घेतला तर वकिलांची माणसं येऊन लोक फोडतील, ही त्यांना धास्ती. म्हणून सकाळी कौल, देवळापुढे लॉरी उभी, आणि पाकळी पडली की सगळ्यांना लॉरीत घालून थेट वडगावला मतपेटीपर्यंत न्यायचं. माणूस मोठा हुशार. हलायचं नाही हा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता, की सांगूनही त्यांनी मनावर घेतला नव्हता, ते मला ठाऊक नाही.

कौलाच्या आधी एका दुपारी त्यांचा मुनीम आमच्या घरी आला. मामंजींनी घोंगडी टाकली, मी गूळपाणी दिलं. फार गोड बोलत होता. पाऊसपाणी, भात, माझ्या नवऱ्याची नोकरी, सगळं विचारलं. नोकरी कुठल्या साहेबाच्या हाताखाली आहे तेही त्याला माहीत होतं. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन तिच्या हातात गुळाचा खडा दिला. उठला तेव्हा दारात थांबून वर बघितलं.

"आबा, छपराचं गवत लय वाळलंय. आता ऊन वाढत जाणार. जपा," तो म्हणाला. "उजवीच पडंल न्हवं?"

तो गेल्यावर मी मुलीच्या हातातला गूळ काढून घेतला आणि बाहेर फेकला. ती रडली, पण मला तो तिच्या तोंडात जायला नको होता. त्यानंतर चूल पेटवायची म्हटलं की माझी नजर आधी वर जायची. लाकूड तडकलं, एखादी ठिणगी उडाली, की माझा जीव उडायचा. पोरीला पाळण्यात ठेवायचं मी सोडून दिलं. दाराशी, जिथून उचलून पळता येईल अशा जागी तिला निजवायची.

उजवी पाकळी पाडायची युक्ती गुरवाघरच्या लहान पोरालाही कळते. ती नीट भिजवायची नाही, नुसती टेकवायची, आणि डावी भिजवून अंगठ्याने दाबायची. मी मामंजींना सरळ म्हटलं, लावा की हलक्या हाताने, कोण निवडून येतो याच्याशी आपल्याला काय करायचंय? मला त्यात काही पाप वाटत नव्हतं. मला छप्पर दिसत होतं आणि छपराखाली माझी पोर.

"हात खोटा पडला का झडतो, पोरी," ते म्हणाले. "माझ्या बानं हेच सांगितलंय मला."

त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. मी मुनीमाला भीत होते. ते मुनीमालाही भीत होते आणि देवीलाही, म्हणजे त्यांची भीती माझ्या दुप्पट.

मतदानाच्या सकाळी पाण्याची कळशी मीच विहिरीवरून भरून आणली. फुलंही मीच आमच्या परसातल्या कण्हेरीची तोडून दिली. हे मुद्दाम सांगते, पुढे कामाला येईल. आवार माणसांनी भरलं होतं. ठेकेदारांसाठी लॉरीतून खुर्ची आली होती. बायका एका कडेला, मी पोरीला मांडीवर घेऊन पुढेच बसले. मामंजींनी मूर्ती पुसली. पाकळ्या बुडवल्या. थोडं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. उजवी पाकळी लावताना त्यांचा अंगठा नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला, असं मला वाटलं. मग डावी लावली. मग ठेकेदारांना मत द्यायचं का, असं गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे बघत बसलो.

चिलमी झाल्या. पाकळ्या जागच्या जागी. ठेकेदार आधी हसतच होते, देवी आज विचार करतेय म्हणाले, माणसंही हसली. उन्हं वर आली तसं हसणं थांबलं. लॉरीवाल्याने भोंगा वाजवला. मुनीमाने वारा यावा म्हणून देवळाचं मागचं दार उघडलं, वारा आला, दिवा फडफडला, पाकळ्या हलल्या नाहीत. पोरं भुकेने रडायला लागली. एकजण उठू लागला तर शेजारच्याने त्याचं धोतर धरून त्याला खाली बसवलं. माझी पोर रडून रडून मांडीवर झोपली आणि मी तिच्यापेक्षा मामंजींकडेच बघत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते पाकळ्यांकडे असे बघत होते की जणू त्या दुसऱ्याच कोणी लावल्या आहेत. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की यांनी काहीतरी केलंय.

दुपार कलायला लागली तसे ठेकेदार खुर्चीवरून उठले. आधी म्हणाले, मतं देऊन या, पाकळी काय पळून जात नाही. कोणी हललं नाही. मग ते ओरडले. मग त्यांनी चक्क हात जोडले. तेव्हा पाटील बसल्या जागेवरून बोलले, आवाज न चढवता.

"सायेब, बशिवलं तुमीच. आता उटवायचं तिनं."

ऊन डोंगरामागे गेलं. वडगावची पेटी आता बंद झाली असणार, हे प्रत्येकाला कळलं. मामंजी दिवा लावायला उठले. ते वात सारखी करत होते तेवढ्यात उजवी पाकळी पडली. कोणीतरी सवयीने देवीच्या नावाचा गजर केला आणि अर्ध्यातच थांबला.

मुनीम सगळ्यांच्या आधी पुढे धावला. पाकळी उचलून त्याने बोटांत चोळली, वास घेतला, जिभेला लावून बघितली. खळ नाही, डिंक नाही, काही सापडलं नाही. पण उजवीच पडली होती ना! म्हणजे देवी ठेकेदारांच्या बाजूची आणि गुरवाने तिला दिवसभर अडवून धरली, असं तिथेच ठरलं. पुढे निकाल लागला आणि ठेकेदार पडले. आमच्या गावची मतं मिळती तर ते निवडून येते, असं त्यांची माणसं सांगत फिरली. लोक आमच्या ओसरीवर यायचे बंद झाले. मी विहिरीवर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं.

मग एका मंगळवारी आम्हाला देवळात बोलावलं. ठेकेदार, मुनीम, पाटील आणि गाव. मामंजींनी देवीचा भंडारा उचलायचा, घरच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचा, आणि पाकळी मी धरली नाही अशी शपथ घ्यायची. शपथ खोटी निघाली तर काय होतं ते कोणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. मुलीला घेऊन मलाच पुढे उभं राहायचं होतं. मुनीम हसून म्हणाला, "पोरीच्या डोक्यावर कसली आण घेता? मुलगा असता तर गोष्ट येगळी."

"असू दे," ठेकेदार म्हणाले. "त्याच्याकडे तेवढीच आहे."

ते बोलणं अजून माझ्या कानात आहे. त्या क्षणी मात्र मला रागवायलाही सुचलं नाही, मी पोरीला आवळून धरलं. मी स्वतःला सांगत होते, घाबरायचं कशाला, पाणी तू आणलंस, फुलं तू तोडलीस, त्यात काहीच नव्हतं. शपथ खरी आहे. घेऊन टाका म्हणजे सुटलो. मी शिकलेली होते, असल्या आणाभाकांनी लेकरं मरत नाहीत हे मला माहीत होतं. तरी मी मनातल्या मनात त्याच देवीला सांगत होते, हिला सांभाळ.

मामंजींनी डाव्या हातात भंडारा घेतला आणि उजवा हात माझ्या मुलीच्या डोक्यावर ठेवला. तिला वाटलं आजोबा लाड करतायत. तिने त्यांचा अंगठा धरला आणि हसली. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी हात काढून घेतला, भंडारा परत ताटात ठेवला.

"म्या चिकटवली व्हती," ते म्हणाले. "आण न्हाई घेत."

मी खरं सांगू शकले असते, पण कबूल केलेल्या माणसाच्या सुनेचं कोण ऐकणार! पूजा आणि जमीन चुलत दिराच्या घरी गेली. ठेकेदारांचं समाधान झालं, छपराला कोणी हात लावला नाही. मामंजींना खोटा गुरव हे नाव चिकटलं ते मात्र शेवटपर्यंत गेलं नाही. लोणावळ्याच्या रेल्वेच्या खोलीत आम्ही पुढे राहिलो, तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने देवाला कधी फूल वाहिलं नाही. फूल मुलीच्या हातात द्यायचे आणि तिला वाहायला लावायचे.

गाव सोडलं त्या सकाळी आम्ही मळवलीच्या स्टेशनाकडे चालत निघालो. माझ्या डोक्यावर बोचकं, मुलगी मामंजींच्या खांद्यावर. गाव मागे पडेपर्यंत मी दम धरला, मग मात्र माझा तोल सुटला. पाणी विहिरीचं होतं, मी आणलं होतं, तुम्ही काही लावलं नव्हतंत, मग सगळ्या गावासमोर चोर का झालात, असं मी सासऱ्यांना बोलू नये तसं बोलले.

"पानीच व्हतं," ते म्हणाले. "पर दाबताना माज्या मनात काय व्हतं ते मला न्हाई ठावं. भ्यालो व्हतो मी. म्या धरली का तिनं धरली, कसं सांगू? आन् ठावं नसताना हिच्या डोक्यावर हात ठिवू व्हय?"

मुलगी झोपली होती. त्यांनी तिला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, तिच्या डोक्यावर उन्हासाठी आपलं उपरणं टाकलं, आणि चालायला लागले.