यारिमा भेटायला निघाली

माझी वहिनी यारिमा आमच्या लुकायो बेटावर जाळी विणायची. तिची सात वर्षांची अनाई तापाने गेली, तेव्हापासून तिने जाळ्याला हात लावला नव्हता.

मग सोन्याच्या शोधात समुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्या दाढीवाल्यांचं जहाज आलं. त्यांच्यातला आमची भाषा येणारा एक जण म्हणाला, "तुमची मेलेली माणसं दक्षिणेला सुखात आहेत. चला, भेटवतो."

"वहिनी, काहीतरीच काय! मेलेलं माणूस कधी भेटतं का?" मी म्हटलं.

"तू नको येऊस. तुझं कोण गेलंय?" ती फटकन म्हणाली.

तिला एकटीला कसं सोडणार? मीही जहाजावर चढले. तिने अनाईसाठी कसाव्याच्या कंदाच्या भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या. वाटेत उपाशी राहिली, पण त्यांना शिवली नाही.

हैतीच्या किनाऱ्यावर उतरवून त्यांनी आम्हाला एका नदीवर नेलं. तिथे हाडं वर आलेली माणसं सोन्यासाठी वाळू धूत होती. यारिमाने एका म्हातारीला विचारलं, "माझी अनाई कुठे राहते?"

"बाई गं, इथे आम्ही सगळे जिवंत आहोत. अजून तरी."

 यारिमाने भाकऱ्यांचं गाठोडं सोडलं आणि ते म्हातारीपुढे ठेवलं.

त्यानंतर त्यांनी आम्हालाही वाळू धुवायला जुंपलं. ती अधूनमधून म्हणायची, "माझ्यामुळे तू इथे अडकलीस." मी गप्प राहायचे, कारण मनातून मलाही तसंच वाटायचं. दुसऱ्या वर्षी ती खोकून खोकून गेली. एकदा तरी मी "नाही गं" म्हणायला हवं होतं.