बेड रिकामा नाही

"बेड रिकामा नाई!" दोन्ही हात कमरेवर ठेवून सिस्टर असं म्हणत, तेव्हा समोर पेशंट नसे. घरच्या टाकीत अजून एखादा मासा सोडा, असं सुचवणारा कोणीतरी असे. दवाखान्यात मात्र त्यांनी कोणाला परत पाठवल्याचं मला आठवत नाही. व्हरांड्यात गादी टाकतील, पण पेशंटला घेतील.

मंगरूळपीरच्या दवाखान्यात त्या वॉर्ड सांभाळत आणि मी औषधं देई. त्यांच्या बैठकीच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी होती, मोजून मीठ कालवलेल्या खाऱ्या पाण्याची. समुद्र आमच्यापासून किती लांब, तुम्हीच सांगा! आणि एवढ्या टाकीत मासे फक्त तीन.

पहिल्या वर्षी अकरा होते, महिनाभरात हौसेनं आणलेले. एका रविवारी सिस्टर ड्यूटीवरून आल्या, तर सगळे पाण्यावर आडवे. एक मासा दगडामागे मरून सडला होता. एवढ्या माशांची घाण कशीबशी पेलणारं पाणी त्यानं पुरतं नासलं.

"बिमारीनं नाई मेले ते," त्या मला म्हणाल्या. "गर्दीनं मेले. अन् गर्दी म्याच केली."

मग दोन महिने त्यांनी टाकी माशांविना चालू ठेवली. रोज पाणी तपासायचं. नंतर क्लाऊन माशांची एक जोडी आली, नारंगी अंगावर पांढरे पट्टे. तिसरा मासा त्यानंतर चार महिन्यांनी.

हे सगळं ठाऊक असूनही मी एकदा मुंबईहून चार निळे मासे आणले. अख्खा प्रवास पिशवी मांडीवर.

"काहून आणले रे? मले इचारलं असतं त!"

"सिस्टर, अर्धी टाकी तर मोकळी आहे."

"दिसते मोकळी. तेवढं पाणी त्या तिघाईलेच लागते."

मला राग आला. त्यांनी मासे मागच्या खोलीत वेगळ्या टबात ठेवले. त्यांची जाळीसुद्धा वेगळी. "नवा पेशंट. काय बिमारी हाय, मालूम नाई. सरळ वॉर्डात कसा घेऊ?"

पाचव्या दिवशी चौघांच्याही अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटले. माझी मान खाली गेली. सिस्टरांनी औषधपाणी केलं, दोन वाचले. ते पुरते बरे झाल्यावर अकोल्यातल्या एका मोठ्या टाकीवाल्याकडे त्यांनी स्वतः बसनं नेऊन दिले. घरच्या तिघांना काहीच झालं नाही. मला त्या एका शब्दानंही बोलल्या नाहीत. मीच मग दवाखानाभर सांगत सुटलो, आमच्या सिस्टरांनी टाकी कशी वाचवली ते.

गेल्या वर्षी सिस्टर गेल्या. टाकी आता त्यांची मुलगी सांभाळते, आणि नीट सांभाळते. मला मात्र त्यांची एक सकाळ आठवते. "लवकर ये," एवढाच फोन आला. काहीतरी विपरीत घडलं असेल म्हणून मी धावतच गेलो. दगडावर नारंगी अंड्यांचा दाट थर होता आणि नर मासा परांनी त्यांना वारा घालत होता. ड्यूटीच्या पांढऱ्या साडीतल्या सिस्टरांनी वळून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. बाळंतीण हाय."