सोळा पायऱ्यांची विहीर

शालिग्रामनाना माणसाच्या चेहऱ्याआधी पायांकडे बघायचे. पाणी उपरण्यातून दोनदा गाळल्याशिवाय पीत नसत. विडी ओढत नसत, तरी खिशात काड्यापेटी असायची. नारूचा दोऱ्यासारखा किडा कातडीबाहेर दिसला की तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, त्यासाठी. आणि पारोळ्याजवळच्या आपल्या गावात नव्या विहिरीच्या काठावर ते कधी टेकत नसत.

विहीर त्यांनीच आणली होती. १९५२ साली ते धुळ्याच्या एका सेवामंडळाचं काम करत. भाईदास शेठ या सरकीच्या व्यापाऱ्याला आईच्या नावानं विहीर बांधून द्यायची होती. नानांच्या पिशवीत आरोग्य खात्याचं परिपत्रक होतं : विहिरीला पायऱ्या ठेवू नयेत. नारू झालेला पाय पाण्यात बुडतो आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभरानं नारू होतो.

नानांनी ते वाचून दाखवलं. शेठ हसले.

"शालिग्रामभाऊ, माझ्या आईच्या विहिरीवर बाया दोर ओढत बसतील? सोळा पायऱ्या हव्यातच. नाहीतर अमळनेरकडचं एक गाव केव्हाचं मागं लागलंय."

नानांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. आधी पाणी तर येऊ दे, पायऱ्यांचं पुढं बघू.

विहीर झाल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात गावात एकोणीस जणांना नारू झाला. शेजारच्या भिकुबाईच्या गुडघ्यातला नारू ओढताना नानांच्याच हातून तुटला आणि आतच पिकला. तिचा पाय कायमचा ताठला.

"नाना, तुमनी इहीर बठ्ठासना पायमा शे," ती म्हणाली आणि हसली. विहीर सगळ्यांच्या पायात आहे, या बोलण्यापेक्षा ते हसणं नानांना जास्त लागलं. तो कागद मी घडी करायला नको होता, एवढंच ते पुढं म्हणत राहिले.

चैत्राआधी पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घालायची, असं त्यांनी शेठला न विचारता ठरवलं. समोरच्या काठावर कप्पी बसवली, दोर आणला.

"हात सोलाई जातीन, नाना!" बायांनी नाकं मुरडली.

"पाय जाण्यापेक्षा बरं."

रोज सकाळी ते दगड रचायचे. भिकुबाई काठी टेकत येऊन गारा कालवायची. फाल्गुनातल्या एका सकाळी दगड उचलता उचलता नाना खाली बसले, ते उठलेच नाहीत. वय बेचाळीस.

भिंत गुडघ्यापर्यंत आली आहे. बाया लुगडं सावरून ती ओलांडतात आणि पाण्यात उतरतात. भिकुबाईला ओलांडता येत नाही. ती एकटी समोरून कप्पीवर तेच पाणी ओढते.

अजून चार थर लागतील.