साडूची मोटार आणि ओढ्याचं पाणी

माझा साडू मुंबईहून आला तेव्हा महाड-पोलादपूर रस्त्यावर मोटार हाकणारा मी जुना माणूस झालो होतो. लोक मला नुसतं 'डायवर' म्हणत. त्या बाजूला दुसरा डायवरच नसल्यामुळे नाव घ्यायची कुणाला गरज पडत नसे. मोटार महाडच्या एका शेटची होती, पण ती कधी निघणार आणि कुठे थांबणार हे मी ठरवायचो.

पोलादपूरच्या अलीकडे एक ओढा रस्ता कापून जायचा. त्याच्यावर पूल नव्हता, नुसती दगडी फरशी होती. पावसाळ्यात तिच्यावरून मांडीभर पाणी वाहायचं. मोटार पाण्यात घातली की इंजिनाचा पंखा ते पाणी उचलून सगळीकडे फेकायचा. प्लगांना ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो भिजायचा आणि इंजिन मध्येच बंद पडायचं. म्हणून आम्ही काठावर थांबायचो. माणसं उतरून भाकऱ्या सोडायची, कुणी आडवं व्हायचं, आणि मी पाण्यात एक काठी रोवून बसायचो. पाणी काठीवरच्या खुणेखाली गेलं की मी उठायचो. मग सगळे उठायचे. ते मला आवडायचं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयानं आणि नात्यानं माझ्याहून लहान. मुंबईत तो कुणा बड्या माणसाची गाडी चालवायचा आणि मोटारदुरुस्तीच्या कारखान्यातही काही वर्षं राहिला होता. महाडच्या दुसऱ्या एका शेटनं नवी मोटार घेतली आणि ती त्याच्या हाती दिली. तो पोलादपूरला सासऱ्यांच्या घरी राहू लागला. आमचं बिऱ्हाड त्याच आळीत.

त्या श्रावणात मी पाण्याचा अंदाज चुकलो आणि फरशीच्या मध्यावर बंद पडलो. तेवढ्यात मागून त्याची मोटार आली. त्यानं काठावर थांबून बोनेट उघडलं आणि बराच वेळ आत काहीतरी केलं. मग खालच्या गिअरमध्ये, बैल चालावा तशा चालीनं, तो पाण्यात शिरला. माझ्याजवळ आला तेव्हा त्याच्या गाडीतली माणसं वरून माझ्याकडे बघत होती. त्यांतली दोघं रोज माझ्याच गाडीनं जाणारी.

"दादा, पुढच्या वाडीतनं बैल धाडतो," तो म्हणाला.

तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याला खरोखर माझी काळजी वाटत होती.

घरी बायकोला सगळं आधीच कळलं होतं. "धाकटीनं मेणकापडाच्या टोप्या शिवून दिल्यात त्यांना," ती म्हणाली. "त्या मॅग्नेटोला एक, प्लगांना एक. वर मेण लावलंय. पंख्याचा पट्टा काढून ठेवतात म्हणं पाण्यात शिरायच्या आधी. तुमाला शिवून देऊ?"

"मला नको," मी म्हणालो.

गणपतीत सासऱ्यांकडे जेवायला बसलो. सासऱ्यांनी त्याला ओढ्याच्या पाण्याचं विचारलं, खडीचं विचारलं, नव्या टायरांचंही विचारलं. मला विचारलं, भात वाढू का. मी थोरला जावई. त्या रस्त्याचा दगडन् दगड मला पाठ होता. मी मोदक तसाच पानात ठेवला.

त्याला विचारायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं. मी महाडहून मेणकापड आणलं, फुटक्या ट्यूबचं रबर कापलं आणि मॅग्नेटो, तारा, प्लग, सगळं गुंडाळून सुतळीनं आवळून बांधलं. सांधे मेणानं लिंपले. त्याच्यापेक्षा चांगलं काम झालं म्हणून मी दोनदा बोनेट उघडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ओढा भरून चालला होता. मी काठावर थांबलोच नाही. मोटार एका दमात पार झाली. माणसांनी "वा डायवर" म्हटलं. मी मागे वळून पाहिलं नाही, पण कान तिकडेच होते.

पुढच्या चढावर, चांगल्या कोरड्या रस्त्यात, इंजिन खोकलं आणि गप्प झालं. इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारून मारून माझे खांदे दुखले. कुणीतरी म्हणालं, "पाण्यात चालली आनि कोरड्यात बसली," आणि सगळे हसले. थोड्या वेळानं साडूची मोटार आलीच. त्यानं माझी बांधणी बोटांनी चाचपली आणि सुतळी सोडली. आतून पाण्याचे थेंब ओघळले.

"दादा, वाफ कोंडली हो. गरम इंजिनाला घाम येतो. टोपीला खालच्या अंगाला बारीक भोक ठेवायचं. वरनं पाणी नाय शिरत आनि आतलं गळून जातं."

त्यानं हे सगळ्यांसमोर सांगितलं, काही न लपवता. मी त्याच्या जागी असतो तर सांगितलं नसतं, हे मला तिथंच उमगलं आणि त्याचा अजूनच राग आला.

मेव्हणीची बाळंतपणाची ती पहिलीच खेप होती. दिवस भरले तेव्हा पावसाची झड लागली होती. सकाळी सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "माज्या हातचं नाय. महाडला न्या." साडू तसाच मोटारीकडे धावला. घाईत ठिणगीची वेळ ठरवणारा काटा मागे घ्यायचं विसरला आणि त्यानं हँडल मारलं. इंजिन उलटं फिरलं, हँडलचा तडाखा बसला आणि त्याचं मनगट मोडलं. मला बोलावणं आलं. मी माझी मोटार घेऊनच दारात गेलो.

तो हात छातीशी धरून उभा होता, चेहरा पांढरा पडलेला. "दादा, तुमची नको," तो म्हणाला. "माजी घ्या. वढ्याला लय पानी आसंल."

मी माझी मोटार बाजूला लावली आणि त्याच्या जागेवर बसलो. मागे मेव्हणी, माझी बायको आणि सासरे. साडू माझ्या शेजारी. ओढ्याच्या काठावर मी बोनेट उघडलं, पट्टा काढला, टोप्या बसवल्या. टाके इतके बारीक होते की मला माझी सुतळी आठवली. फरशी दिसत नव्हती, पण ती कुठे आहे हे मला माहीत होतं. गढूळ पाणी दिव्यांपर्यंत चढलं.

"अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय उचलू नका," साडू हळूच म्हणाला.

"ठाऊक हाय मला."

इंजिन शेवटपर्यंत एकसारखं चाललं. असं गोड इंजिन मी कधी हाकलं नव्हतं. मागे बाई कण्हत होती, आणि माझ्या मनात आलं की हे इंजिन माझ्या वाट्याला का आलं नाही. माणसाच्या मनात कोणत्या वेळी काय येईल सांगता येत नाही.

महाडच्या दवाखान्यात दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरांनी साडूच्या हाताला फळी बांधली. ओसरीवर सासरे येईल त्याला सांगत होते, "धाकल्या जावयानं गाडीच अशी तयार ठेवलेली. एवढं पानी, पन आत थेंब नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी चहा घेतलात का?"

संध्याकाळी मी आत डोकावलो. मेव्हणी पडल्या पडल्या म्हणाली, "भावोजी, गाडी लय संबाळून हाकलीत. धक्का नाय बसला." साडू तिथंच होता. त्यानं मान हलवली. मी बाहेर येऊन त्याच्या मोटारीच्या चाकांचा चिखल काढत बसलो.

मनगट वाकडंच जुळलं. हँडल मारणं त्याला जमेना, म्हणून दिवाळीनंतर तो बायको-मुलीला घेऊन मुंबईला परत गेला आणि गोदामात नोकरीला लागला. त्याच्या शेटनं मोटार मला हाकायला दिली, टोप्यांसकट. पुढच्या पावसाळ्यात मी कितीही पाण्यातून जाऊ लागलो. महाडच्या नाक्यावर माणसं गाडीत चढण्याआधी विचारायची, "ही त्या मुंबैवाल्याचीच ना? मग बसतो."

"त्याचीच," मी म्हणायचो आणि हँडल मारायला खाली उतरायचो.